मूकपटांतल्या सुलोचनेवर लिहायचंय, पण तिचे चित्रपटच पाहायला मिळत नाहीत. मग लिहायचं कसं?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही लातूरला राहता. एका दिवाळी अंकासाठी मूकपटांच्या काळातली नटी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिच्यावर लेख लिहायला घेतलाय. वाचायला बसलात तर चार ठिकाणी चार गोष्टी सापडल्या. कुणी तिला अँग्लो-इंडियन म्हणतं, कुणी ज्यू. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता असं जवळपास सगळेच लिहितात. बोलपट आले, हिंदी येत नव्हतं, म्हणून ती संपली, हेही सगळे लिहितात. आणि तिचा एकही मूकपट तुम्हाला कुठे पाहायला मिळाला नाही. तुमचं शेवटचं वाक्य होतं, ‘काम न पाहता नटीवर लिहिणं म्हणजे गाणं न ऐकता गायकावर लिहिणं नाही का?’

मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं जुन्या चित्रपटांच्या कागदांवर काम करतोय. पुस्तिका, जाहिराती, फोटो, कंपन्यांची पत्रं, हे सगळं लावायचं, ओळखायचं, त्यावर तारखा घालायच्या. त्यामुळे तुमची अडचण मला रोजची आहे, आणि ती खरी आहे. भारतात १९१३ ते १९३४ या काळात तेराशेहून जास्त मूकपट निघाले. त्यातले आज तीससुद्धा हाती नाहीत, आणि जे आहेत त्यातले बरेचसे अर्धवट, दोन-चार रिळांचे तुकडे आहेत. नायट्रेटची फिल्म आपोआप सडते, पेटही घेते. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता यायची. बोलपट आल्यावर जुन्या मूकपटांना बाजारात दमडीची किंमत उरली नाही, मग डबेच्या डबे चांदीसाठी गेले. त्यामुळे तुम्ही शोधण्यात कमी पडलात असं समजू नका.

पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. ‘पडद्यावर ती कशी दिसायची, कसा अभिनय करायची’ हे आपल्याला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. ‘तिचे बोलके डोळे प्रेक्षकांच्या काळजाला हात घालत’ अशी वाक्यं मी शेकडो लेखांत वाचली आहेत. लिहिणाऱ्यानं ते डोळे पडद्यावर हलताना पाहिलेले नसतात. त्यापेक्षा ती पडद्यापर्यंत कशी पोचली, तिथे कोणतं काम तिच्या वाट्याला आलं, ते काम तिलाच का मिळालं आणि नंतर परिस्थिती कशी बदलली, हे लिहा. हे सगळं कागदावरून सांगता येतं, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. नटीचं आयुष्य म्हणजे तिची कामाची वर्षं. ती वर्षं नीट मांडली की बाकीचं वाचक समजून घेतो.

आधी एक साधी खबरदारी, कारण मराठी लेखकांची पहिली चूक इथेच होते. आपल्याकडे तीन सुलोचना आहेत. एक ही रूबी मायर्स. दुसऱ्या सुलोचना लाटकर, आपल्या सगळ्यांच्या सुलोचनादीदी, ज्या २०२३ मध्ये गेल्या. तिसऱ्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, ज्या २०२२ मध्ये गेल्या. एकदा माझ्याकडे एका घरातून फोटोंचं पाकीट आलं. वर शिसपेन्सिलीनं मोठ्या अक्षरात फक्त ‘सुलोचना’ लिहिलेलं. आत अकरा फोटो. सात दीदींचे, तीन रूबी मायर्सचे आणि एक चव्हाणबाईंचा, हातात माईक धरलेला. ज्यानं ते जपले त्याच्या लेखी ती एकच बाई होती की काय, देव जाणे. पण हाच घोटाळा छापील लेखांतही होतो. रूबी मायर्सच्या चित्रपटांच्या यादीत पन्नास-साठच्या दशकातले चित्रपट दिसले की प्रत्येक नावापुढे थांबा. दोघीही त्या काळात हिंदीत आईच्या भूमिका करत होत्या आणि श्रेयनामावलीत दोघींचंही नाव नुसतं ‘सुलोचना’ असं यायचं. चेहरा पाहिल्याशिवाय तो चित्रपट तिच्या नावावर टाकू नका.

आता जन्म आणि जमात. रूबी मायर्सचा जन्म १९०७ चा, पुण्याचा. तिला सहसा बगदादी ज्यू म्हणतात. ‘युरेशियन’ किंवा ‘अँग्लो-इंडियन’ हे शब्द तेव्हाची वर्तमानपत्रं फार सैलपणे वापरायची. गोरी, इंग्रजी बोलणारी, फ्रॉक घालणारी मुलगी दिसली की झाली अँग्लो-इंडियन. मराठी वाचकासाठी इथे एक फरक जरूर सांगा. आपल्याला ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायल आठवतात, ज्यांना शनिवार तेली म्हणायचे. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली. बगदादी ज्यू निराळे. ते इराककडून व्यापारानिमित्त आले, आधी अरबी बोलायचे, मग इंग्रजी. पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ पाहिलं असेल तर ते याच समाजाचं, डेव्हिड ससूननं बांधलेलं. हा फरक मी एवढा उगाळतोय कारण पुढचा सगळा प्रश्न भाषेचा आहे. पुण्यात जन्मलेली म्हणून तिला मराठी-हिंदी घरचीच असणार, असं वाचक गृहीत धरेल. तसं नव्हतं.

चित्रपटांत येण्यापूर्वी ती टेलिफोन ऑपरेटर होती. या गोष्टीवर बहुतेक लेख अर्धं वाक्य खर्च करतात. तुम्ही एक परिच्छेद खर्च करा, कारण त्या वेळी मुंबईत पगारी नोकरी करून स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या तरुण मुली मोजक्या होत्या. दवाखान्यात नर्स, शाळेत बाई, ऑफिसात टायपिस्ट आणि एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आणि यातल्या बऱ्याच जणी अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, ज्यू किंवा पारशी. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला चित्रपटात काम करण्याबद्दल विचारलं तेव्हा तिनं आधी नकार दिला. चित्रपटांत जाणं हे तेव्हा तिच्या समाजातही बरं समजत नसत. मग ती तयार झाली. १९२५ मध्ये ‘वीर बाला’ आला. ती अठरा वर्षांची होती.

इथे बारा वर्षं मागं जा, तुमचा लेख तिथून उभा राहील. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंकेंनी केली, कारण बाई मिळेना. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहान मुलगी कमला मोहिनी. त्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया मराठीच, पण त्या नाटकमंडळीच्या जगातून आलेल्या होत्या. घरंदाज समजल्या जाणाऱ्या हिंदू-मुसलमान घरांतून पुढची दहा-पंधरा वर्षं जवळजवळ कुणी आलं नाही. ती जागा भरली ती या दुसऱ्या मुलींनी. कलकत्त्यात पेशन्स कूपर. रेनी स्मिथ सीतादेवी झाली. आणि मुंबईत रूबी मायर्स सुलोचना झाली. नाव बदलणं हा कंपनीच्या धंद्याचा भाग होता. पोस्टरवर ‘मिस सुलोचना’ असं आलं की गावोगावच्या प्रेक्षकाला ती आपली वाटायची. रामायणातल्या मेघनादाच्या बायकोचं हे नाव, कीर्तनाला बसलेल्या कुणालाही ठाऊक असलेलं.

आणि मूकपटाला भाषाच नव्हती. हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तो हातातून निसटतो. पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या यायच्या, एकाच पाटीवर इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा तीन-तीन, चार-चार लिपींत. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवायचा. पेटी-तबला पडद्याखाली बसायचा. अशा जगात इंग्रजी बोलणारी मुलगी अनारकली होऊ शकत होती. तिनं शूटिंगच्या वेळी ओठ हलवून काय म्हटलं याच्याशी लाहोरच्या किंवा सोलापूरच्या प्रेक्षकाला काही कर्तव्य नव्हतं.

फोटो पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल रंग तिच्यावर काळा उतरायचा, निळा पांढरट. म्हणून जुन्या फोटोंत नट्यांचे ओठ काळे कुळकुळीत दिसतात आणि गव्हाळ कांतीही सावळी येते. गोऱ्या मुलींना काम मिळण्यामागं समाजाची कारणं मोठी होतीच, पण कॅमेऱ्याचाही त्यात हात होता. तुमच्या अंकात फोटो छापणार असाल तर हे एक वाक्य टाका. वाचक फोटो वेगळ्या नजरेनं पाहील.

आता तिचं काम. १९२६ मध्ये कोहिनूरमध्ये चंदुलाल शहांनी ‘टायपिस्ट गर्ल’ केला, त्यात ती आणि गोहर दोघी होत्या. त्याच वर्षीचे ‘टेलिफोन गर्ल’ आणि ‘सिनेमा क्वीन’. नावंच पाहा. टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर, चित्रपटातली नटी. पुढं १९२९ मध्ये ‘इंदिरा बी. ए.’. पौराणिक सती-सावित्रींच्या शेजारी, त्याच थिएटरांत, नोकरी करणारी आणि डिग्री घेतलेली मुलगी पडद्यावर आली, आणि ती भूमिका करणारी स्वतः एक्स्चेंजमधून उठून आलेली होती. तुमच्या लेखाचा कणा मला इथे दिसतो. या चित्रपटांनी अशा मुलीला नावं ठेवली की तिचं कौतुक केलं, हे चित्रपटागणिक वेगळं असणार. पुस्तिकेतलं कथानक हाताशी असेल तरच त्यावर बोला. पण ती मुलगी चित्रपटाच्या नावातच मिरवण्याइतकी बाजारात चालत होती, एवढं तर नावांवरूनच सिद्ध होतं.

मग ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिनं आठ रूपं घेतल्याची नोंद आहे. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, केळी विकणारी म्हातारी, सोनेरी केसांची गोरी बाई वगैरे. मला हे वाचताना दर वेळी बालगंधर्व आठवतात. तेव्हा आपल्या रंगभूमीवर पुरुष शालू नेसून बायकांच्या भूमिका करत होते आणि महाराष्ट्र त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकत होता. त्याच वर्षांत मुंबईत एक वीस वर्षांची मुलगी पोलिसाचा वेश घालून पडद्यावर उभी होती. हे दोन्ही एका वेळी एकाच समाजात चाललं होतं. तुम्ही दिवाळी अंकासाठी लिहिताय, तुमच्या वाचकाला बालगंधर्व समजावून सांगावे लागणार नाहीत. हा धागा वापरा.

१९२८ ची ‘अनारकली’ ही स्वतंत्र गोष्ट आहे. लाहोरच्या एका कंपनीनं इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावरून हाच विषय घेतला होता, सीतादेवीला घेऊन. ते मोठ्या थाटात काम करत बसले, तोवर इंपीरियलनं आर. एस. चौधरींकडून सुलोचनेची ‘अनारकली’ भराभर पुरी करून आधी बाजारात आणली, आणि ती धो धो चालली. नायक दिनशा बिलिमोरिया. ही जोडी पुढं कित्येक वर्षं टिकली.

आता पगार. ‘महिना पाच हजार, मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त’ हे वाक्य एवढ्या ठिकाणी आहे की ते खरं वाटायला लागतं. मलाही लागलं होतं, मी स्वतः एका प्रदर्शनाच्या फलकावर ते लिहिलंय. मग एक दिवस सहज १९३५ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट उघडला. त्याच्या परिशिष्टात गव्हर्नरांचे पगार दिलेत. मुंबईच्या गव्हर्नरचा वर्षाला १ लाख २० हजार रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजार. शिवाय बंगला, भत्ते, नोकरचाकर वेगळेच. तेव्हा तिचे पाच हजार धरले तरी ते त्याच्या निम्मे होतात. तुम्ही हे वाक्य लिहू नका. ‘तिला महिना पाच हजार रुपये मिळत असं सांगितलं जातं’ इतकंच लिहा, आणि हवं तर पुढं असं म्हणा की लोकांना तिची बरोबरी गव्हर्नरशी करावीशी वाटली. ही दंतकथा हाही एक पुरावाच आहे, पगाराचा नव्हे, पण लोकांच्या मनातल्या तिच्या जागेचा आहे. तसंच गांधीजींच्या खादी प्रदर्शनाच्या एका लघुपटाला ‘माधुरी’ या मूकपटातला तिचा नाच जोडून दाखवत, ही गोष्ट. बऱ्याच ठिकाणी लिहिलेली आहे. वापरायला हरकत नाही, पण ‘असं नोंदवलेलं आहे’ हे शब्द गाळू नका.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, बोलपट आले आणि ती संपली का?

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तो काढला कुणी? इंपीरियलनं, म्हणजे तिच्याच कंपनीनं. कंपनीची सगळ्यात मोठी तारका सुलोचना, आणि नायिका घेतली जुबेदा. कारण सरळ होतं. सुलोचनेला हिंदुस्तानी सफाईनं बोलता येत नव्हतं. यात तिचा कमीपणा दिसावा असं लिहू नका. तेव्हाचं बोलपटाचं शूटिंग कसं चालायचं ते आधी सांगा. पार्श्वगायन नव्हतं, ज्यानं दिसायचं त्यानंच बोलायचं आणि गायचं, तेही त्याच क्षणी. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ, त्यामुळे गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या सुमारास काम चाले. माईक कुठंतरी नटांच्या आसपास लपवलेला. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी अडखळत बोलणारी नायिका कोण घेईल? आणि हे फक्त तिच्याच वाट्याला आलं असंही नाही. त्याच ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल, आपले मराठी, मारधाडीच्या मूकपटांचे अनभिषिक्त राजे. त्यांचंही उर्दू चालेना, म्हणून बऱ्याचशा प्रसंगांत ते गुंगीत दाखवले गेले. नायिकेला मात्र गुंगीत ठेवून भागत नाही, तिला गावंही लागतं.

तिनं जवळपास वर्षभर थांबून भाषा शिकून घेतली. आणि १९३२ मध्ये बोलती ‘माधुरी’ आली. १९३४ मध्ये ‘इंदिरा एम. ए.’. जुन्या मूकपटातली इंदिरा बी. ए. होती, बोलपटातली एम. ए. झाली, ही कंपनीची जाहिरातीची युक्ती असेल, पण वर्षभर वहीपेन घेऊन शिकलेल्या बाईला ती शोभते. १९३५ मध्ये बोलती ‘अनारकली’, पुन्हा आर. एस. चौधरी, पुन्हा बिलिमोरिया. १९३६ मध्ये ‘बंबई की बिल्ली’, म्हणजे ‘वाइल्डकॅट’च. आपलेच गाजलेले मूकपट एकामागून एक तोंड उघडून पुन्हा करणारी दुसरी नटी मला आठवत नाही. ‘बोलपटानं संपवलं’ हे म्हणणं या तारखांसमोर टिकत नाही. बोलपट आल्यावरही पाच-सहा वर्षं ती नायिका होती.

मग ओहोटी कशानं लागली? माझं मत सांगतो, आणि ते मत म्हणूनच घ्या. १९३८ मध्ये इंपीरियल बंद पडली. ती कंपनीची पगारी तारका होती. तिच्यासाठी कथा निवडणारे, तिचे फोटो छापणारे, तिचे चित्रपट थिएटरांत लावणारे सगळे त्या एका छपराखाली होते. छप्पर गेलं. आणि तोवर बाहेरचं जग बदललेलं होतं. दुर्गा खोट्यांसारख्या शिकलेल्या, वरच्या थरातल्या घरच्या स्त्रिया चित्रपटांत आल्या होत्या. त्यांना मराठी-हिंदी घरचीच होती आणि त्यांच्यामुळे या धंद्याला प्रतिष्ठाही आली. ज्या कारणांनी १९२५ मध्ये रूबी मायर्सला दार उघडं मिळालं, ती कारणंच दहा-बारा वर्षांत उरली नाहीत. यात तिची चूक कुठं आहे? लेखात हे असं मांडलंत तर ‘उदय आणि अस्त’ या घिस्यापिट्या साच्यातून सुटाल.

तारखांबद्दल माझी एक चूक सांगतो, तुमची वाचावी म्हणून. ‘अनारकली’ दोनदा झाली, नायिका तीच, नायक तोच, दिग्दर्शक तोच, कंपनी तीच. माझ्याकडे एक फोटो होता, तुरुंगाच्या भिंतीपाशी बसलेली ती, गळ्यात तीन पदरी माळ. मी बेधडक १९२८ लिहिलं. एका सद्‌गृहस्थांनी फलकापाशी उभं राहून मला सांगितलं, त्यांच्याकडे बोलपटाच्या गाण्यांची पुस्तिका आहे आणि तिच्या मुखपृष्ठावर हाच फोटो आहे. दुसऱ्या दिवशी ते पुस्तिका घेऊन आले. माळ तीच, हाताची ठेवण तीच, भिंतीवरचा ओरखडासुद्धा तोच. म्हणजे १९३५. तेव्हापासून मी फोटोवरून वर्ष ठरवत नाही. आधी पुस्तिका पाहतो. मूकपटाच्या पुस्तिकेत कथानक असतं, तेही दोन-तीन भाषांत. बोलपटाच्या पुस्तिकेत गाणी असतात. आत गाणी छापलेली दिसली की मूकपटाचा विषय मिटला.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करू शकता, ते तुमच्या सवडीवर आणि खिशावर अवलंबून आहे. लातूरहून पुण्याला दोन दिवस येता आलं तर लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठा. आधी पत्र किंवा ईमेल पाठवून काय पाहायचंय ते चित्रपटाच्या नावानिशी आणि वर्षानिशी कळवा. ‘सुलोचनेचं जे असेल ते दाखवा’ असं लिहिलंत तर वर सांगितलं तसं पाकीट समोर येईल. मुंबईला जाणं जमलं तर ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या १९२६ ते १९२९ च्या जाहिराती पाहा. कोणता चित्रपट कोणत्या थिएटरात किती आठवडे चालला हे तिथं आठवड्याआठवड्याला कळतं. ‘प्रचंड लोकप्रिय’ या दोन शब्दांपेक्षा अशी एक नोंद वजनदार. दोन्ही शक्य नसेल तर लेख लहान ठेवा आणि एकाच चित्रपटापुरता ठेवा. मी असतो तर ‘अनारकली’ घेतली असती.

फोटो छापण्याबद्दल तुम्ही विचारलंय. आपल्या कायद्यात २०१२ पर्यंत फोटोवरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं असायचा. मग नियम बदलला, आता तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो, पण आधीच संपलेले हक्क त्यामुळे पुन्हा सुरू झाले नाहीत. तेव्हा १९३० च्या आसपास छापून आलेल्या फोटोंना ती अडचण राहत नाही. संग्रहालयाकडून प्रत घेतलीत तर तिचं शुल्क आणि त्यांचा नामोल्लेख, एवढं पाळा.

एकंदरीत क्रम असा ठेवा: एक्स्चेंजमधली नोकरी, मग पडद्यावरच्या नोकरी करणाऱ्या मुली, मग भाषा नसलेल्या पडद्यावरची अनारकली, मग भाषा शिकून केलेली तीच अनारकली. पगाराची दंतकथा मध्ये कुठंतरी येऊ दे, सुरुवातीला नको.

शेवट कुठं करावा, हा तुमचा उपप्रश्न. १९८३ मध्ये मुंबईत ती गेली, तिथं करावा का, असं तुम्ही विचारलंत. मी तिथं करणार नाही. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, तोही उल्लेखापुरता ठेवा. देविकाराणींनंतर हा मान मिळालेली ती दुसरी स्त्री. मला विचाराल तर १९५३ पाशी थांबा. त्या वर्षी फिल्मिस्तानची ‘अनारकली’ आली, बीना राय नायिका, प्रदीपकुमार सलीम. त्यात शेहेचाळीस वर्षांची सुलोचना सलीमच्या आईच्या, जोधाच्या भूमिकेत आहे. बहुतेक लेखक इथं उसासा टाकतात, दोनदा अनारकली झालेल्या बाईवर ही वेळ आली म्हणून. पण त्या चित्रपटाचा दिग्दर्शक पाहा: नंदलाल जसवंतलाल. १९३४ च्या ‘इंदिरा एम. ए.’चेही दिग्दर्शक तेच. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी जिच्याबरोबर काम केलं, जिची भाषा आणि मेहनत दोन्ही जवळून पाहिली, तिला त्यांनी राणीच्या जागी उभं केलं. आणि हा चित्रपट उपलब्ध आहे. तिचं काम पाहिल्याशिवाय कसं लिहू, असं तुम्ही म्हणालात ना? मग हा बघा. दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून.

आणि फोटो ओळखायला मदत लागली तर इथंच टाका, मात्र पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करून. शिक्का, पेन्सिलीचा आकडा, डिंकाचा डाग, काहीही असू शकतं मागं.